३१ व्या आठवड्यात झालेली मुलगी: वजन वाढवायचं की आहे तसं वाढू द्यायचं?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज लिहायला बसले कारण डोक्याचा पार भुगा झालाय. माझी मुलगी ३१ आठवड्यांची झाली, माझं बीपी अचानक वाढलं आणि सिझर करावं लागलं. वजन १३८० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात ते अजून उतरलं, मग हळूहळू चढलं, नळीने दूध, मग वाटी-चमचा, मग अंगावर. ३५ व्या आठवड्याला १७५० ग्रॅमवर घरी सोडलं. काढलेल्या दुधात घालायची ती फॉर्टिफायर पावडर ड्यू डेटपर्यंत चालू होती, नंतर डॉक्टरांनीच बंद केली. आता जन्मापासून १४ आठवडे झालेत, वजन ३८५०, लांबी ५२, डोकं ३६.५. ड्यू डेट धरली तर जेमतेम पाच आठवड्यांची.

प्रॉब्लेम असा की माझ्या नणंदेचा मुलगा त्याच आठवड्यातला, पण पूर्ण दिवसांचा, साडेसहा किलोचा आहे आणि मांड्यांना नुसत्या वळ्या. बारशाला दोघं शेजारी शेजारी ठेवली आणि मग काय विचारता, एकेक मावशी-आत्या येऊन "अगं हिने बाळसंच धरलं नाही अजून" म्हणून जातेय. सासूबाई वाईट नाहीत हो, खूप करतात माझं, पण त्यांना ते लसीकरणाचं कार्ड दिसलं ज्यात आमचा टिंब हिरव्या पट्ट्याच्या पार खाली आहे आणि तेव्हापासून वरचं दूध सुरू कर, गुटी सुरू कर असं रोज चाललंय. डॉक्टर म्हणतात छान चाललंय, घाई करू नका.

आणि आता नवऱ्याने रात्री बसून वाचून काढलं की अशा मुलांच्या अंगात चरबी जास्त भरते आणि पुढे डायबेटिस वगैरे. माझे वडील आणि सासरे दोघांनाही शुगर आहे त्यामुळे हे डोक्यातून जातच नाहीये. म्हणजे एकीकडे बारीक आहे म्हणून बोलणी खा आणि दुसरीकडे चरबीची भीती. वाढतंय ते वजन नक्की कसलं, हाडामांसाचं की चरबीचं, हे कळायची काही टेस्ट असते का? आणि किती वाढलं म्हणजे पुरे?

धायरीची_जुळी

अगं आधी एक सांगते, तो टिंब चुकीच्या जागी आहे म्हणून खाली दिसतोय. कार्डावर १४ आठवड्यांच्या उभ्या रेषेवर मांडलाय ना? तो पाच आठवड्यांवर मांड मग बघ कुठे येतो ते. माझी जुळी ३२ व्या आठवड्यातली, आता दुसरीत आहेत आणि घर डोक्यावर घेतात, पण तेव्हा आमच्याकडेही हेच. कोणाला करेक्टेड वय, म्हणजे ड्यू डेटपासून मोजलेलं वय, सांगितलं की चेहरा असा करायचे जणू मी मुलांचं वय लपवतेय.

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना मला ग्रॅमचं वेड लागलं होतं. सकाळी सिस्टर वजन करायची, बाळ पूर्ण उघडं करून, आधी काट्यावर दुपटं ठेवून शून्य करायचं मग बाळ ठेवायचं, आणि हाताला लावलेल्या सलाईनच्या पट्टीचं वजन वजा करायचं, आणि मी काचेबाहेरून तो आकडा वाचायचा प्रयत्न करायचे. २० ग्रॅम वाढले की दिवस छान, १० कमी झाले की जेवण जायचं नाही. घरी आल्यावर भाड्याने वजनकाटा आणला, दूध प्यायच्या आधी एकदा, प्यायल्यावर एकदा, असला सगळा वेडेपणा. आमच्या डॉक्टरांनी तो काटा परत करायला लावला, आठवड्यातून एकदा क्लिनिकमध्ये या म्हणाले, त्याच काट्यावर. एका शी-शूमध्ये ३०-४० ग्रॅमचा फरक पडतो गं, रोजच्या आकड्याला काय अर्थ आहे.

तुझा हिशोब मी केला, १७५० वरून ३८५० म्हणजे २१०० ग्रॅम दहा आठवड्यांत, रोजचे ३० ग्रॅम. मला तर मस्त वाटतंय. बाकी जाणकार सांगतीलच.

हडपसर_डॅडी

आमच्या पुतण्याचं पण असंच होतं. वहिनीने डब्याच्या दुधात सांगितलंय त्यापेक्षा एक चमचा पावडर जास्त टाकायला सुरुवात केली, महिन्याभरात गुबगुबीत झाला. ट्राय करून बघा, पाणी तेवढंच ठेवायचं.

धायरीची_जुळी

@हडपसर_डॅडी हे कृपया कोणी करू नका!! पुतण्याचं नशीब चांगलं म्हणायचं.

बालरोगवाला

दवाखाना संपवून आत्ता बघतोय. आधी वरच्या चमच्याबद्दल. फॉर्म्युला घट्ट करणं धोक्याचं आहे. पाणी कमी आणि क्षार जास्त झाले की लहान बाळाच्या किडनीला ते झेपत नाही, अंगातलं पाणी कमी होतं, रक्तातलं सोडियम वाढतं, आणि प्रीमॅच्युअर बाळाचं आतडं तर मुळातच नाजूक. हॉस्पिटलमध्ये आम्ही दूध "स्ट्राँग" करतो ते मोजून मापून करतो, त्याला फॉर्टिफायर म्हणतात आणि त्यात मुख्यतः प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस असतं, नुसत्या कॅलरी नाही.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमच्या मिस्टरांनी वाचलं ते खोटं नाही पण अर्धं आहे. पोटात शेवटच्या तीन महिन्यांत बाळ चरबी साठवतं, त्याआधी जवळजवळ नसतेच, म्हणून २८-३० आठवड्यांची बाळं ती अशी लालसर, पातळ कातडीची, हाडं दिसणारी. तेवढ्यात ते बाहेर आलं की आईच्या नाळेतून आयतं मिळणारं बंद. आता श्वास स्वतः घ्यायचा, अंग गरम स्वतः ठेवायचं, आणि आतडं तयार नाही म्हणून पोटभर दूधही देता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त तुटवडा पडतो तो प्रोटीनचा. प्रोटीन कमी आणि कॅलरी बऱ्यापैकी असं झालं की बाळ मांस, हाडं, अवयव हवे तेवढे बांधू शकत नाही, उरलेली ऊर्जा चरबीत जाते. म्हणून ड्यू डेटच्या दिवशी बघितलं तर प्रीमॅच्युअर बाळ पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा हलकं, बुटकं, आणि तरीही टक्केवारीत चरबी थोडी जास्त. २०१२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला होता त्यात चरबी सोडून उरलेलं वजन सरासरी ४६० ग्रॅमने कमी निघालं आणि चरबी? तीही कमीच, ५० ग्रॅमने. टक्केवारी मात्र ३ ने जास्त. म्हणजे बाळ लठ्ठ झालेलं नाही, बाकीचं बांधकाम मागे राहिलंय म्हणून चरबीचा वाटा मोठा दिसतो. हा फरक समजून घ्या, अर्धी भीती इथेच जाईल.

आणि त्या वयात चरबी म्हणजे काही शत्रू नाही. बाहेरच्या जगात आल्यावर ऊब लागते, आजारपणात साठा लागतो. पुढच्या तीन-चार महिन्यांत हे टक्केवारीचं अंतर बहुतेक मुलांमध्ये बुजत जातं. मेंदूच्या वाढीशी जास्त जुळतं ते चरबीविरहित वजन, यावर अमेरिकेत मिनेसोटात बरंच काम झालंय.

टेस्ट असते. काचेच्या अंड्यासारखं एक यंत्र असतं, बाळाला आत दोन मिनिटं ठेवायचं, बाळाने किती हवा बाजूला सारली त्यावरून घनता आणि त्यावरून चरबी काढतात. पण ते संशोधनाचं यंत्र, तुम्हाला त्याची गरज नाही. गरज आहे ती लांबी आणि डोक्याच्या घेराची. वजन वाढतंय आणि लांबीही त्याच चालीने वाढतेय म्हणजे हाडामांसाची वाढ होतेय. वजन वर वर आणि लांबी तिथेच, तर विचार करायचा.

किती पुरे? एनआयसीयूत साधारण दोन किलोपर्यंत दिवसाला किलोमागे १५ ते २० ग्रॅम, लांबी आणि डोकं आठवड्याला साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास. ड्यू डेटनंतर पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम, सरासरीने. तुमची ३० आहे. ३८५० हे करेक्टेड पाच आठवड्यांच्या मुलीला डब्ल्यूएचओच्या चार्टवर खालच्या बाजूला पण आतच येतं. अजून काय हवंय?

सहकारनगरचे_काका

बालरोगवाल्यांनी छान लिहिलंय. मी डॉक्टर नाही, निवृत्त माणूस आहे, पण डायबेटिस मला गेली कित्येक वर्षं आहे त्यामुळे या विषयातलं जे हाताला लागेल ते वाचतो. पुणेकरांनी तर हे माहीत करूनच घ्यायला हवं कारण यातलं सगळ्यात गाजलेलं काम आपल्याच रास्ता पेठेत, केईएममध्ये झालंय. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा अभ्यास सुरू केला, दिवस जायच्या आधीपासून. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तेच इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण गंमत अशी की आपल्या बाळांचं पोट, दंड सगळं बारीक, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक पण चरबीवाली. आणि पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून फोटो छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा २२.३, पण युडकिन साहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा दाखवतो!

त्यामुळे माझं मत, मुलीला अजिबात फुगवू नका. त्या वळ्यांचं कौतुक आपल्याकडे फार आहे, चितळ्यांच्या दुकानाबाहेर रांगेत उभं राहिलं तरी कोणीतरी दुसऱ्याच्या बाळाचा गालगुच्चा घेऊन "खात्यापित्या घरचं दिसतंय" म्हणतंच.

बालरोगवाला

काका, माहिती बरोबर, फक्त एक दुरुस्ती. ती गावांतली जी तुलना आहे ती पूर्ण दिवस भरलेल्या बाळांची आहे, प्रीमॅच्युअरची नाही. दोन्हीकडे "बारीक पण चरबी जास्त" असं ऐकू येतं म्हणून लोक एकच समजतात, पण कारणं वेगळी आहेत. तिथे नऊ महिने पोटात कमी मिळालं, इथे नऊ महिनेच मिळाले नाहीत.

आणि "अजिबात फुगवू नका" याच्या नादात उलटं व्हायला नको. ब्रिटनमध्ये १९८२ पासून प्रीमॅच्युअर बाळांवर एक चाचणी झाली, काहींना पहिले काही आठवडे जास्त प्रोटीन-कॅलरीचं दूध, काहींना साधं फॉर्म्युला. साडेसात-आठ वर्षांची झाल्यावर जास्त पोषण मिळालेली मुलं, विशेषतः मुलगे, बुद्धीच्या चाचण्यांत पुढे. मग तीच मुलं १३ ते १६ वर्षांची झाली तेव्हा रक्त तपासलं तर ज्यांना जास्त मिळालं होतं त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्सच्या, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याच्या, खुणा थोड्या जास्त. झाली ना पंचाईत? पण पहिल्या आठवड्यांत मेंदू उपाशी ठेवून पुढची शुगर वाचवायची हा सौदा कोणताही निओनॅटॉलॉजिस्ट, म्हणजे नवजात बाळांचा डॉक्टर, करणार नाही. आणि प्रीमॅच्युअर बाळ उपाशी राहिलं तर डोळ्यांचाही प्रश्न असतो, वजन नीट न वाढणाऱ्या बाळांत आरओपी म्हणजे पडद्याच्या आजाराचा धोका जास्त. ताई, डोळ्यांची तपासणी झाली असेलच, नसेल तर उद्याच.

म्हणून आम्ही दोन टप्पे धरतो. ड्यू डेटपर्यंत मागे लागून पोषण द्यायचं, प्रोटीनसकट. त्यानंतर बाळ स्वतःच्या रेषेवर चालायला लागलं की ढकलत बसायचं नाही. तुमच्या डॉक्टरांनी फॉर्टिफायर बंद केलं ते त्यामुळेच. ज्यांची बाळं घरी जाताना फारच मागे असतात त्यांना पुढेही देतात, तो निर्णय त्या त्या बाळाचा.

सिस्टर_पिंपरी

नमस्कार, मी बरीच वर्षं एनआयसीयूला आहे. लांबीबद्दल लिहिते कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. घरी पलंगावर शिंप्याच्या टेपने मोजलेली लांबी कृपया धरू नका, बाळ पाय दुमडतं, मान वाकडी करतं, दोन सेंटीमीटर इकडेतिकडे सहज. त्याला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाटी असते, एका टोकाला डोकं टेकवायचं, एकीने डोकं सरळ धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करून तळव्याला सरकती फळी लावायची. दोन माणसं लागतात. क्लिनिकमध्ये एकच मावशी टेपने मोजत असेल तर गोड बोलून पाटी मागा, असते बहुतेक ठिकाणी, कपाटावर धूळ खात पडलेली.

आणि कांगारू, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, चालू ठेवलंय का? घरी आल्यावर सगळ्या बंद करतात. १९७८ ला कोलंबियात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली गोष्ट, आता डब्ल्यूएचओ सांगते जन्मल्याजन्मल्या सुरू करा आणि दिवसात ८ ते २४ तास. तुमची आता मोठी झाली, तासन्‌तास राहणार नाही, पाय मारून बाहेर येईल, पण बाबांनी संध्याकाळी छातीवर घेतली तरी छान. उब मिळाली की बाळाची ऊर्जा अंग गरम ठेवण्यात जात नाही, वाढीला लागते, आणि आईचं दूधही टिकतं.

मालिश करा, हलक्या हाताने, मावशी आल्या तर त्यांना सांगायचं की रगडायचं नाही, हातपाय उलटे ताणायचे नाहीत, उलटं धरायचं नाही. धुरी नाही म्हणजे नाही. गुटी पण नको गं, त्या सहाणेचं पाणी कसलं, जायफळ किती उगाळलं, मध लावलं का, कोण बघतं? मध तर वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला नको.

कोथरूडची_आई

खूप खूप आभार सगळ्यांचे. डोळे दोनदा तपासले, आता ठीक आहेत. लोह आणि व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत. कांगारू मी बंद केलं होतं, आजपासून परत.

टिंब धायरीच्या ताईंनी सांगितलं तसा पाच आठवड्यांवर मांडला आणि तो हिरव्यात आला! सासूबाईंना दाखवलं, चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या "मग त्या कार्डावर आधीच का नाही लिहीत असं". पॉइंट आहे त्यांचा.

दोन शंका राहिल्यात. एक, डॉक्टरांच्या फाईलमध्ये वेगळाच चार्ट आहे, फेन्टन असं काहीतरी, तो आणि हा वेगळा का. दुसरं, माझं दूध कमी पोषक असेल का, कारण नणंद अर्धं फॉर्म्युला देते.

बालरोगवाला

फेन्टन चार्ट प्रीमॅच्युअर बाळांचा, गर्भाच्या वयाप्रमाणे आठवडे धरतो, ५० आठवड्यांपर्यंत चालतो, म्हणजे ड्यू डेटनंतर दहा आठवडे. दुसरा इंटरग्रोथ नावाचा आहे, आठ देशांत अभ्यास करून केलाय आणि त्यातलं भारतातलं केंद्र आपलं नागपूर होतं. फेन्टनची रेषा मुख्यतः पोटातल्या बाळाच्या वाढीवरून काढलीये, इंटरग्रोथने खऱ्या प्रीमॅच्युअर बाळांना जन्मानंतर मोजत नेलं, त्यामुळे एकच बाळ दोन चार्टवर थोडं वेगळ्या जागी दिसू शकतं. एक चार्ट धरा आणि त्यावरच राहा. पुढे डब्ल्यूएचओचा, दोन वर्षांची होईपर्यंत करेक्टेड वयानेच.

दुधाचं: फ्रान्समध्ये प्रीमॅच्युअर बाळांच्या मोठ्या गटांत असं दिसलं की घरी जाताना आईचं दूध पिणाऱ्यांचं वजन कमी वाढलेलं होतं, आणि तरी पुढे विकासाच्या तपासणीत तीच बरी निघाली. तेव्हा नणंदेच्या मुलाशी तुलना सोडा. त्याचा रस्ता वेगळा, तोही चांगलाच वाढतोय की.

काळजी कधी करायची ते सांगून ठेवतो. दोन-तीन आठवड्यांची सरासरी रोज २० ग्रॅमच्या खाली गेली, पिताना दमतेय, कपाळाला घाम येतोय, शू कमी झाली, किंवा डोक्याचा घेर अचानक पुढे पळाला किंवा थांबला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं.

सिस्टर_पिंपरी

दूध भरपूर येत असेल आणि तुझ्या पिल्लाला पुरून उरत असेल तर ससूनची मिल्क बँक आहे, चौकशी कर. आमच्याकडे आत असलेल्या बाळांना कोणाचं तरी असंच मिळतं. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईत सायनला १९८९ ला निघाली, आपल्याकडे उशिराच आली.

कोथरूडची_आई

पुरतंय, उरत नाही अजून :) पण लक्षात ठेवते.

शेवटचं एक, नवरा विचारतोय की मग लसीपण करेक्टेड वयाने द्यायच्या का? म्हणजे १४ आठवड्यांची लस आता की नंतर?

बालरोगवाला

नाही नाही, लसी जन्मतारखेनेच. हिला १४ आठवड्यांच्या आत्ताच द्या, थांबू नका. त्याच दिवशी वजन, पाटीवर लांबी आणि डोकं पण मोजून घ्या, एका खेपेत काम होईल.